जमवाजमव की नुसता जमाव?

मुलांनो, मागच्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीनं इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या टेबलावर आणून ठेवलं. एका शब्दाखाली लाल पेन्सिलीनं रेघ. म्हणाली, "बाई, मोबिलायझेशनचा मोबाईलशी काही संबंध आहे का?" सगळा वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांनो, ती बरोबर होती! संबंध आहे, आणि अगदी सख्ख्या भावंडांचा आहे.

लॅटिन भाषेत 'मूव्हेरे' म्हणजे हलणं, हलवणं. त्यावरून 'मोबिलिस', म्हणजे हलू शकणारा. मोटार, मोबाईल, ऑटोमोबाईल ही सगळी त्याच घरातली मंडळी. पूर्वी टेलिफोन वायरीनं भिंतीला बांधलेला असायचा. तो सुटला, खिशात जाऊन बसला, तेव्हा मोबाईल झाला. मोबिलायझेशन हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत गेला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही लष्कराच्या कामासाठी. जे विखुरलेलं आहे, जागच्या जागी बसलेलं आहे, त्याला हलतं करायचं आणि एका कामाला जुंपायचं, हा त्याचा अर्थ. यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या. नुसतं हललं म्हणजे झालं नाही, ठरलेल्या कामासाठी हललं पाहिजे.

आता हे समजून घ्यायला लष्करी छावणीत जायची गरज नाही. कफ परेडच्या मच्छीमार नगरात जुलै महिन्याच्या शेवटी एक चक्कर मारा. एकीकडे मान मोडेपर्यंत वर बघावं असे टॉवर, आणि समोर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हे माशांच्या विणीचे दिवस, आणि समुद्रही खवळलेला. मग ऑगस्ट तोंडावर आला की सगळ्या वस्तीला जणू चावी देतात. गावाला गेलेले खलाशी परततात. जाळी उन्हात पसरून फाटलेले डोळे विणले जातात. इंजिन खोलून तेलपाणी होतं. लाकडाच्या फटी बुजवतात, रंग लागतो. मग बर्फ, डिझेल, गोडं पाणी, तांदूळ, कांदे-बटाटे, मसाला. या सगळ्यावर तांडेलाची नजर. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. बर्फ आला पण डिझेल नाही, तर होडी धक्क्यालाच. डिझेल आलं पण एक खलाशी आजारी, तरी खोळंबा. दहा गोष्टी दहा ठिकाणांहून येऊन एका सकाळी एका होडीत बसल्या पाहिजेत. मराठीत याला म्हणतात जमवाजमव. सेनापतीही अगदी हेच करतो, फक्त कांद्या-बटाट्यांबरोबर तोफाही मोजतो.

आणि गंमत अशी की आपल्याकडच्या सेनासुद्धा पावसाळा संपल्यावरच हलायच्या. नद्यांना उतार पडला, चिखल वाळला, घोड्यांना चारा झाला की दसऱ्याला सीमोल्लंघन. आपण आता आपट्याची पानं वाटतो. तेव्हा खरोखर गावाची शीव ओलांडून स्वारीवर निघत. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकार असत, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. ज्याला सरकारातून घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई तो शिलेदार. शिलेदार हा शब्द जरा लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

लष्करी जमवाजमवीची एक भीतीदायक बाजूही आहे. १९१४ साली जुलैच्या अखेरीस रशियानं सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. ते पाहून जर्मनीनंही काढला आणि १ ऑगस्टला युद्ध पुकारलं. लाखो माणसं आगगाड्यांत चढवायची, तर प्रत्येक गाडीचं वेळापत्रक आधी बांधलेलं. एकदा गाड्या सुटल्या की थांबवणार कोण? पहिल्या महायुद्धाचा गाडा असा उतारावर लागला. आपल्याकडे १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर सीमेवर सैन्य नेण्याची मोठी मोहीम झाली, 'ऑपरेशन पराक्रम'. तिथे पूर्ण सज्ज होऊन उभं राहायलाच सुमारे तीन आठवडे लागले. जमवाजमव हा शब्द तोंडातून पटकन निघतो, पण प्रत्यक्षात तिला वेळ लागतो.

बरं, आता शब्दांकडे. मोबिलायझेशनला मराठीत एकच एक शब्द शोधत बसू नका, सापडणार नाही. आपली भाषा अशा वेळी वेगवेगळी भांडी काढते. सैन्याची, सामानाची, माणसांची होते ती जमवाजमव. पैशांची होते ती जुळवाजुळव, "ताईच्या फीसाठी बाबा पैशांची जुळवाजुळव करताहेत." निवडणुका जवळ आल्या की पेपरात येते ती मोर्चेबांधणी. हा मोर्चा आपल्याकडे फारसीतून आला. मुळात मोर्चा म्हणजे लढाईत आडोसा घेऊन मारा करायची जागा. 'किल्ल्याला मोर्चे लावले' असं जुन्या कागदांत येतं. पुढे घोषणा देत चालणाऱ्या माणसांनाच मोर्चा म्हणायला लागले. बसायची जागा चालायला लागली, म्हणजे मोर्चाच मोबाईल झाला म्हणा ना!

मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो 'चळवळ'. चळणं म्हणजे हलणं. लॅटिन मंडळींनी जो विचार केला तोच आपल्या पूर्वजांनी केला. घरात स्वस्थ न बसणाऱ्या पोराला आजी म्हणते, "काय चळवळ्या आहे मेला!" आणि समाजासाठी धडपडणाऱ्यालाही लोक चळवळ्याच म्हणतात. तेव्हा आजीनं तुम्हाला असं म्हटलं तर रागावू नका.

आणखी दोन ठिकाणी हा इंग्रजी शब्द भेटेल. हाताचं प्लॅस्टर काढल्यावर सांधा आखडलेला असतो. फिजिओथेरपीवाल्या ताई तो हळूहळू हलवून मोकळा करतात, तेही मोबिलायझेशन. (ओरडायला होतं, मला माहीत आहे.) आणि पूल-रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराला यंत्रं नि माणसं कामावर आणायला सुरुवातीला जी उचल मिळते, ती मोबिलायझेशन अॅडव्हान्स. यापेक्षा जास्त त्यात काही नाही, पुढे जाऊ.

आता त्या कुटुंबातला वाया गेलेला भाऊ. इंग्रजीत बेभान गर्दीला 'मॉब' म्हणतात. तो शब्दही 'मोबिलिस'मधूनच आला! लॅटिनमध्ये 'मोबिले वुल्गुस' म्हणजे चंचल लोक, वारा येईल तिकडे वळणारे. इंग्रजांनी त्याची शेपटी तोडून 'मॉब' केला. आपल्याकडे पाहा, जमवाजमव आणि जमाव हेही असेच एकाच 'जमणे'तून निघालेले. पण जमवाजमवीत कोणी तरी विचार करून जमवलेलं असतं. जमाव आपोआप जमतो, आणि मग काय करील याचा भरवसा नाही. म्हणूनच सरकार जमावबंदी लावतं; जमवाजमवबंदी असा शब्द काही आपण ऐकलेला नाही.

दोन्ही एकाच वेळी, एकाच शहरात दिसली होती. फेब्रुवारी १९४६. मच्छीमार नगराच्या शेजारीच असलेल्या कुलाब्यात 'तलवार' नावाचं नौदलाचं संदेशवहन शिकवणारं केंद्र होतं. तिथल्या नाविकांनी १८ तारखेला संप केला. कारण ऐकाल तर साधं वाटेल: जेवण वाईट, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमान करणारी बोलणी. पण दोन-तीन दिवसांत बंदरातल्या बोटींवर आणि दूर कराचीपर्यंत संप पसरला. सुमारे वीस हजार नाविक त्यात होते. संदेश पाठवणारेच संपात, त्यामुळे बातमी किती वेगानं गेली असेल बघा! मुंबईच्या लोकांनी गेटवे ऑफ इंडियापाशी त्यांच्यासाठी खाण्याचे जिन्नस नेऊन दिले. २२ तारखेला शहरात हरताळ झाला, गिरण्यांचे भोंगे वाजले तरी कामगार आत गेले नाहीत. परळ-लालबागच्या रस्त्यांवर माणसंच माणसं. ही झाली जमवाजमव. पण त्याच गर्दीतल्या काहींनी दुकानं लुटली, जाळपोळ केली. तो झाला जमाव. इंग्रज सरकारनं गोळीबार करताना हा फरक पाहिला नाही. दोनशेच्या वर माणसं मेली. २३ तारखेला नाविकांनी संप मागे घेतला, आणि तेव्हाच्या मोठ्या नेत्यांनीच त्यांना तसा सल्ला दिला होता. का दिला, यावर मोठी माणसं अजून वाद घालतात. तुम्ही आठवी-नववीत गेलात की जरूर वाचा, आणि आपलं मत आपणच ठरवा.

१९७२ सालची गोष्ट याहून वेगळी. महागाई भडकली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा बायकांनी मुंबईतल्या गृहिणींना हाक दिली, आणि बायका हातात लाटणी घेऊन मोर्च्याला आल्या. शस्त्र कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता, प्रत्येकीच्या पोळपाटावर तयार होतं. या सगळ्याजणी शिलेदारच म्हणायच्या!

आता पुन्हा मच्छीमार नगरात येऊ. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. टीव्हीवर भारत-इंग्लंड क्रिकेट सामना चालू होता, बरीच मंडळी घरात. अशा वेळी रबरी होडीतून दहा तरुण किनाऱ्याला लागले. पाठीवर जड पिशव्या. तिथल्या काही रहिवाशांना ते वेगळे वाटले. त्यांनी हटकलं, कोण तुम्ही, कुठून आलात? पोरं गुर्मीत उत्तर देऊन रस्त्याकडे निघून गेली. पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. १६६ माणसं त्या हल्ल्यात गेली. पण त्याआधी समुद्रात काय झालं ते पुष्कळांना आठवत नाही. हे दहा जण 'कुबेर' नावाची गुजरातची मासेमारी बोट पळवून मुंबईजवळ आले होते, आणि तिच्यावरच्या पाचही जणांना त्यांनी मारून टाकलं होतं. म्हणजे त्या हल्ल्यात सर्वांत आधी गेले ते मच्छीमार, आणि शहरात सर्वांत आधी "कोण तुम्ही?" विचारलं तेही मच्छीमारांच्या वस्तीनं.

पाहिलं होतं, विचारलंही होतं. मग कमी काय पडलं? जमवाजमव. पाहणाऱ्याचे डोळे, पोलिसांची गाडी आणि तटरक्षक दलाची बोट यांना जोडणारा धागा तेव्हा पक्का नव्हता. तो नंतर विणायला घेतला. मच्छीमारांना ओळखपत्रं दिली, बोटींची नोंदणी कडक केली. गावोगावी सागर सुरक्षा दलात कोळी तरुण आहेत. तटरक्षक दलाचा १५५४ हा फुकट नंबर आहे. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी पाठ करून ठेवावा, कोणी बुडत असेल तरी तोच. आणि 'सागर कवच' नावाचा एक सराव होतो, तो तर तुम्हाला खेळासारखाच वाटेल. एक लाल दल असतं, ते शत्रू बनून गुपचूप किनाऱ्यावर घुसायला बघतं. निळ्या दलानं त्याला पकडायचं. लपंडाव आहे, पण पुरा किनारा खेळतो.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती सांगतेच. मच्छीमारांना आपण 'किनाऱ्याचे डोळे आणि कान' म्हणतो. भाषणात छान वाटतं. पण ज्याचे डोळे-कान आपल्याला हवेत, त्याला तोंडही आहे हे विसरून कसं चालेल? त्याचं म्हणणं कोणी ऐकायचं? माझ्या वर्गातल्या एका मुलाचे काका मासेमारीला जातात. तपासणीसाठी होडी थांबवली की बर्फ वितळतो, असं तो म्हणाला. तपासणी हवीच. पण बर्फ वितळतो हेही खरंच आहे.

तोंड असलेल्या मच्छीमारांची गोष्ट हवी तर गोव्याला चला. रापण माहीत आहे ना? मालवणकडच्या मुलांना विचारा. भलंमोठं जाळं होडीतून अर्धगोल टाकत जातात, आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावरची माणसं ओढतात. गावच्या गाव ओढतो, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. १९७० नंतर गोव्याच्या किनाऱ्यालगत यांत्रिक ट्रॉलर आले आणि रापणीत मासळी येईना. तेव्हा रापणकारांनी संघटना काढली. तिच्या नावात एक फार सुंदर कोंकणी शब्द आहे: 'एकवोट'. म्हणजे एकजूट. मराठीत आपण 'एकवटणे' म्हणतो, तोच हा. त्यांचे एक पुढारी माथानी साल्ढाणा हे शाळामास्तर होते (म्हणून ते मला जरा जास्तच आवडतात, लपवत नाही). मोर्चे झाले, उपोषणं झाली. शेवटी १९८० साली तिथे समुद्रातल्या मासेमारीवर नियम घालणारा कायदा झाला आणि किनाऱ्याजवळचं पाणी छोट्या मच्छीमारांसाठी राखायचं ठरलं. पुढच्याच वर्षी, १९८१ ला, महाराष्ट्रातही असा कायदा आला. आता कायदा कागदावर आणि ट्रॉलर पाण्यावर, त्यामुळे तक्रारी काही संपल्या नाहीत.

आणि अगदी जवळची गोष्ट, वरळी कोळीवाड्याची. ही गणितासकट आहे, वही काढा. कोस्टल रोडच्या पुलाचे खांब समुद्रात उभे राहणार होते. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर. कागदावर बघणाऱ्याला वाटतं, होडी ती केवढी, ६० मीटर पुष्कळ झाले! पण कोळी म्हणाले, भरतीच्या लाटा, वारा, समोरून येणारी दुसरी होडी, आणि इंजिन ऐन वेळी बंद पडलं तर होडी वाहत जाऊन खांबावर आपटेल; १६० मीटर ठेवा. २०२१ च्या अखेरीस त्यांनी आपल्या होड्या थेट कामाच्या जागी नेऊन उभ्या केल्या. काम अडलं. चर्चा, बैठका, पुन्हा चर्चा. डिसेंबर २०२२ मध्ये मध्यला एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. ६० अधिक ६०, बरोबर ना? मागितले होते त्याहून ४० मीटर कमीच मिळाले. पण आधी ठरलेल्यापेक्षा दुप्पट. रोज त्या खाडीतून जाणाऱ्या माणसाचं ज्ञान त्या एका गाळलेल्या खांबात आहे असं मी म्हणेन.

मघाशी शिलेदार लक्षात ठेवायला सांगितलं होतं. ऑगस्ट २०१८. केरळात असा पाऊस झाला की गावंच्या गावं पाण्याखाली. घरांच्या छपरांवर माणसं अडकलेली. लष्कर, नौदल, हेलिकॉप्टर सगळं आलं, पण गल्लीबोळांत हेलिकॉप्टर काय करणार? तेव्हा किनाऱ्यावरचे मच्छीमार निघाले. होड्या समुद्रात न ढकलता उलट्या दिशेला, लॉरीवर चढवल्या! चेंगन्नूर, आलुवा अशा गावांकडे रस्त्यानं रात्रभर होड्यांच्या रांगा. सुमारे ६७० होड्या आणि साडेचार हजार मच्छीमार. सरकारी हिशेबानं त्यांनी ६५ हजारांवर माणसं वाचवली. खारट पाण्यातली माणसं, पण विजेच्या तारा, कुंपणं, बुडालेल्या मोटारी यांच्यामधून होडी कशी काढायची हे त्यांनी तिथल्या तिथे शिकून घेतलं. कित्येक होड्यांचे तळ फुटले. सरकारनं दर होडीला दिवसाला ३ हजार रुपये जाहीर केले, तेव्हा काहींनी माणसं वाचवल्याचे पैसे नकोत म्हणून सांगितलं. होडीच्या दुरुस्तीचे मात्र मिळायला हवेत, असं माझं मत.

लॉरीवर चढलेली होडी डोळ्यांसमोर आणा. हलू शकणारी वस्तू, जिथे तिची जागा नाही अशा रस्त्यावर, ठरलेल्या कामासाठी निघालेली. वर्गात त्या मुलीनं हेच चित्र वहीत काढलं आणि खाली लिहिलं, 'मोबिलायझेशन'. मी तिला स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडल्याचं दाखवलं, चित्राला मात्र पैकीच्या पैकी.

आता तुमचं काम. घरातल्या मोठ्यांना विचारा: लग्नाला, गणपतीला, गावच्या जत्रेला माणसं नि सामान गोळा करतात त्याला तुमच्या बोलीत काय म्हणतात? मालवणी, आगरी, अहिराणी, वऱ्हाडी, कोणतीही बोली चालेल. शब्द आणि तो वापरलेलं एक वाक्य पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पत्त्याच्या बाजूला चित्र काढू नका, पोस्टमनकाका वैतागतात. पुढच्या अंकात आपण 'घेराव' हा शब्द पाहू. तो इंग्रजांच्या ऑक्सफर्ड शब्दकोशात जाऊन बसला आहे.